चाचांचं अर्धं वाक्य

मी बारा वर्षं नगर जिल्ह्यातून एका मराठी वृत्तवाहिनीला बातम्या पाठवत होते. ओळखपत्रावर जिल्हा प्रतिनिधी असं छापलेलं होतं, पण वाहिनीनं मला दिलेली वस्तू एकच होती, ती म्हणजे बूम. माइकवर बसवायचा, वाहिनीचं चिन्ह असलेला रंगीत ठोकळा. बाकी मोबाइल माझा, स्टँड माझा, स्कूटर माझी. कारखान्यांच्या निवडणुका, दूधदराचं आंदोलन, देवळाली प्रवराच्या उसात शिरलेला बिबट्या, मंत्र्यांचे दौरे, सगळीकडे मी एकटीच जायची.

पाठवलेल्या बातम्यांतल्या बऱ्याचशा लागायच्याच नाहीत. ज्यांना मी तासभर उन्हात उभं करून बोलतं केलेलं असायचं, ती माणसं संध्याकाळी फोन करायची, "ताई, कवा दावनार आमचं?" मग मी एक युक्ती शोधली. फुटेजबरोबर मुंबईच्या डेस्कला एक टीप लिहून पाठवायची. कुठल्या मिनिटाला कोण बोललंय, कुठला बाइट, म्हणजे बोलण्याचा तुकडा, घेण्यासारखा आहे. डेस्कवरच्या पोरांना सगळं बघायला सवड नसते. त्यांना आयतं मिळालं की बातमी लागायची. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती.

तिसगावहून शेवगावकडे जाताना आत एक गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी त्या गावात मोबाइलवरच्या एका स्टेटसवरून भांडण झालं. स्टेटस कुणी ठेवलं, कुणी पसरवलं, याचा छडा अजून लागलेला नाही. मारामारी झाली, दोघांना पोलिसांनी नेलं आणि त्या आठवड्याचा बाजार भरला नाही. सकाळीच मुंबईहून आमच्या सरांचा फोन आला. हे सर म्हणजे बातम्या लावायच्या की नाही ते ठरवणारे. म्हणाले, "मॅडम, गावात तणाव आहे. तिथून ग्राउंड रिपोर्ट हवा. संध्याकाळच्या चर्चेला लावतो."

मी पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. चौकात दोन पोलीस खुर्च्या टाकून बसले होते. किराणा दुकान उघडं होतं. बायका पिठाच्या गिरणीपुढे रांगेत उभ्या होत्या. माणसं गप्प होती, पण गावात नेहमीचे व्यवहार चालू होते. मी सरांना तसं कळवलं.

"शांतता दोन ओळींत संपते हो," ते म्हणाले. "मला अर्धा तास भरायचाय. कुणीतरी बोललं पाहिजे."

बोलणारं कुणी सापडेना. कॅमेरा पाहिला की लोक आत जायचे. मग मला चाचांची आठवण झाली.

चाचा म्हणजे गावातले शिंपी. साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, कानामागे कायम खडूचा तुकडा. गावात मुसलमानांची दहा-बारा घरं, त्यातलं एक त्यांचं. लहानथोर सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. शाळेचे गणवेश, नवरदेवाचे सफारी, म्हाताऱ्यांच्या कोपऱ्या, सगळं त्यांच्या एका मशीनवर व्हायचं. आधी एकदा टँकरच्या बातमीसाठी गेले होते तेव्हा माझ्या बॅगेचा तुटलेला पट्टा त्यांनी न सांगता शिवून दिला होता. मी पाणी मागितलं तर चाचींनी आधी गुळाचा खडा पुढं केला होता. त्या ओळखीवर मी त्यांच्या दुकानात शिरले.

दुकानाचं एक दार उघडं, एक बंद होतं. चाचा निळ्या कापडावर माप टाकत होते. जूनमध्ये शाळा सुरू होणार होती. कापलेल्या गणवेशांचे गठ्ठे भिंतीशी लावलेले, प्रत्येकावर पोराच्या नावाची चिठ्ठी टाचलेली.

"बोलायचं म्हनता? मी काय बोलनार?" असं म्हणत ते बोलायला बसले. त्यांनी टोपी सारखी केली. म्हणाले, भांडण वाईट झालं, पोरांनी मोबाइल बाजूला ठेवावा, पोलिसांनी खरा माणूस धरावा. गावात आपल्याला कुणी कधी वाकडं बोललं नाही. सगळं सरळ, मवाळ. मला ऐकतानाच कळत होतं की हे लागणार नाही.

म्हणून मी विचारलं, "आणि चाचा, उद्या कुणी म्हणालं की गाव सोडून जा, तर?"

"कोन म्हननार तसं?"

"समजा, म्हणालंच."

त्यांचा चेहरा बदलला. कात्री हातातच होती, तो हात वर गेला. "कुठं जानार, ताई? माझा बाप हितल्या मातीत हाय, आज्जा हितंच हाय. मला घालवायचंच असंल तर आधी खड्डा खना, आन् मला त्यात घाला. जित्ता असंस्तवर मी हितून हलत न्हाई!" बोलून झाल्यावर तेच ओशाळले. कात्री खाली ठेवत म्हणाले, "लई बोललो का?"

"नाही चाचा, छान बोललात," मी म्हणाले.

चौकातच, पारावर बसून मी फुटेज पाठवलं आणि खाली टीप लिहिली : दोन मिनिटं दहा सेकंदांवर गावातला मुस्लिम शिंपी. एकदम कडक बाइट. नक्की वापरा.

संध्याकाळी सात वाजता मी आणि आई घरी टीव्हीसमोर बसलो होतो. आईला माझी बातमी लागली की बरं वाटायचं. पडद्यावर चाचा आले. वर उचललेला हात, हातात कात्री, डोळे मोठे झालेले. आवाज आला, "घालवायचंच असंल तर आधी खड्डा खना!" तेवढंच. आधीचा बाप नाही, आज्जा नाही, नंतरचं "मला त्यात घाला" नाही. तेवढा तुकडा त्यांनी लागोपाठ तीन वेळा दाखवला. खाली लाल पट्टी होती : खड्डे खणा! गावकऱ्यांना उघड धमकी. निवेदक विचारत होता, हे खड्डे कुणासाठी? चौकटींत बसलेले चार जण एकाच वेळी ओरडायला लागले.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "हा माणूस असं का गं बोलला?"

माझ्या घरात, माझ्या आईला ते तसंच ऐकू आलं होतं. मी उठून गॅलरीत गेले आणि सरांना फोन लावला. म्हणाले, "अहो, तुम्हीच लिहिलं होतं ना, कडक बाइट आहे?"

"सर, पूर्ण वाक्य वेगळं आहे. तो माणूस 'मलाच पुरा' असं म्हणतोय. स्वतःला."

"पूर्ण वाक्य पंचवीस सेकंदांचं आहे, मॅडम."

"मग खुलासा तरी लावा. त्याच्या गावात वातावरण गरम आहे."

"बघू. आज सगळ्यात जास्त तुमचीच बातमी चालली, बरं का. अभिनंदन," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांचाच फोन आला. मला वाटलं होतं ते शिव्या देतील. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "ताई, मी असं म्हनलो हुतो का?"

मी फोन घेऊन गॅलरीत आले.

"मी बघितलं. त्यो मीच हाय, कात्री बी माझीच. पन मला आठवंना मी असं कसं म्हनलो. घरात बी समदी मलाच इचारत्यात."

"नाही चाचा, तुम्ही असं नव्हता म्हणालात. पुढचं-मागचं त्यांनी कापलं. माझ्याकडे सगळं आहे."

"हाय ना? मग दावा की समद्यास्नी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम जीव आला. मी दाखवते म्हणाले.

पण मी तिथं पोचायच्या आत मोटारसायकली पोचल्या. गावातली पोरं नव्हती ती, बाहेरून आली होती असं सगळे सांगत होते. दहा मिनिटं थांबली असतील. मी गेले तेव्हा चाचांचं मशीन गटारीत उलटं पडलं होतं, त्याचं लाकूड उकललं होतं. दुकानाची मोडतोड झाली होती. चाचांच्या कपाळाला फडकं बांधलेलं होतं आणि ते भिंतीला टेकून नुसते बसले होते. चौकातले ते दोन पोलीस आता दुकानापुढे उभे होते.

चाची रस्त्यावर बसून निळे तुकडे गोळा करत होत्या. बाह्या एका बाजूला, कॉलर एका बाजूला, पाठी एका बाजूला. कुठल्या तुकड्याला कुठली चिठ्ठी होती ते त्या आठवून आठवून लावत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि तुकडे उचलू लागले. त्यांनी माझ्या हातातली बाही हळूच काढून घेतली. "ऱ्हाऊ द्या. तुमाला न्हाई कळायचं कुनाचं हाय ते," म्हणाल्या.

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात मी गेले तेव्हा दोन गुन्हे दाखल झाले होते. एक अनोळखी लोकांवर मोडतोडीचा. दुसरा चाचांवर, चिथावणीखोर बोलल्याचा. तिथल्या साहेबांना मी मोबाइलवर पूर्ण वाक्य दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं. माणूस वाईट नव्हता.

"मला पटलं," ते म्हणाले. "पण आता गुन्हा दाखल झालाय. हे तुम्ही कोर्टात द्या. आणि मॅडम, मला एक सांगा, हे टीव्हीवर कधी दाखवताय?"

मी बाहेर आले आणि सरांना फोन लावला.

त्या आठवड्यात मी सरांना रोज फोन करत राहिले. आधी ते बघतो म्हणाले, मग मीटिंगमध्ये आहे म्हणाले, मग उचलणं बंद झालं. गावात तोवर दुसरंच सुरू झालं होतं. ज्यांचे कपडे चाचांकडे शिवायला होते ते येऊन परत मागू लागले. भांडायला कुणी आलं नाही. दारात उभं राहायचं, नाव सांगायचं, चाची गठ्ठा काढून द्यायच्या. न कापलेलं कापड नेणं समजण्यासारखं होतं. पण लोक कापलेलंही नेत होते. दोन बाह्या, एक कॉलर, एक पाठ आणि एक चिठ्ठी, असं पिशवीत घालून बायका खाली बघत निघून जायच्या. शेवगावच्या कुठल्या शिंप्यानं ते जोडलं असेल, देव जाणे. शाळेनंही निरोप पाठवला, यंदा गणवेश रेडिमेड घेणार.

शेवटी मी सरपंचांना गाठलं. चाळिशीचा शेतकरी माणूस, दहावीपर्यंत चाचांनी शिवलेल्याच चड्ड्या घालून शाळेत गेलेला, हे त्यानंच मला सांगितलं. मी म्हणाले, ग्रामपंचायतीत टीव्ही आहे, त्यावर मला पूर्ण फुटेज दाखवू द्या. लोकांना बोलवा. त्यानं जरा आढेवेढे घेतले, पण बोलावलं.

सकाळी दहाच्या सुमाराला वीस-पंचवीस माणसं जमली. बहुतेक वयस्कर शेतकरी, चार-पाच बायका, मागे दाराशी काही तरणी पोरं. चाचा आले नाहीत. मीच त्यांना येऊ नका म्हणाले होते. मी मोबाइल टीव्हीला जोडला आणि त्यांचं सगळं बोलणं लावलं, पोरांनी मोबाइल बाजूला ठेवावा इथपासून. मग माझा प्रश्न आला. मग ते वाक्य, सगळंच्या सगळं, आणि शेवटी ओशाळून "लई बोललो का?"

संपलं तरी सगळे टीव्हीकडेच बघत बसले. मी पुन्हा लावलं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या, ताई. हे आमाला काय नवीन दावताय?"

"म्हणजे?"

"त्यो काय म्हनला आसंल हे आमाला पयल्याच दिशी म्हाईत हुतं. चाळीस वरसं झाली, त्यो असंच बोलतुया. बायकोशी भांडला तरी मला खड्ड्यात घाल म्हनतो."

एक-दोघे जण हसले आणि लगेच गप्प झाले.

"माहीत होतं, मग कापडं परत का आणलीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

म्हाताऱ्यानं हातातली टोपी डोक्यावर घातली. "टीव्हीवर आलं ना," तो म्हणाला. "आता त्याच्याकडं कापड टाकलं की गावभर नाव हुनार, ह्यो त्यांच्या बाजूचा म्हनून. पोराबाळाचं घर हाय आमचं."

सरपंच मला दारापर्यंत सोडायला आला. "ताई, मी एकटा काय करू? म्होरं इलेक्शन हाय," तो म्हणाला. मी बारा वर्षं लोकांना सांगत आले होते की टीव्हीमुळं माणसं फसतात, खरं दाखवलं की शहाणी होतात. इथं कुणी फसलेलंच नव्हतं. मी दिलेल्या तुकड्यानं त्यांना नुसती सबब मिळाली होती.

दाराशी उभ्या पोरांपैकी कुणीतरी माझंच शूटिंग करत होतं. दुसऱ्या दिवशी ते ग्रुपवर फिरायला लागलं : वाहिनीची बाई धमकी देणाऱ्याला वाचवायला गावात. आता मात्र सरांचा फोन लगेच आला. वाहिनीची परवानगी न घेता फुटेज बाहेर दाखवल्याबद्दल ते चिडले होते. मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "बूम कुरिअरनं पाठवून द्या."

मी तो ठोकळा वर्तमानपत्रात गुंडाळला, खोक्यात घातला आणि कुरिअरवाल्याकडे दिला. आत काय आहे म्हणून त्यानं विचारलं. मी म्हणाले, स्पंज. खरंच, आतून तो नुसता स्पंज असतो.

पावसाळा संपायच्या आत चाचा-चाचींनी गाव सोडलं. मला ते महिन्यानं कळलं. कुणी हाकललं नाही, कुणी अडवलंही नाही. टेम्पो आला, सामान भरलं, शेजारच्यांनी पेट्या उचलायला मदतसुद्धा केली म्हणे. त्यानंतर चाचांवरचा गुन्हा बरेच दिवस लोंबकळत राहिला. मी त्यांच्या वकिलाला फुटेज दिलं, जबाब दिला. तारखेला चाचा येत, मी जाई, पण कोर्टाच्या आवारात आम्ही रामराम-सलामापलीकडे बोलत नसू. त्यांच्या बाजूला नेहमी कुणीतरी नातेवाईक असे आणि तो माझ्याकडे बघत नसे.

गेल्या वर्षी मी नगरच्या कापड बाजारात आईसाठी साडीला फॉल लावून घ्यायला गेले होते. नाव आता अहिल्यानगर झालंय, पण बाजार तोच, गर्दी तीच. एका दुकानाच्या जिन्याखाली, जेमतेम मशीन मावेल एवढ्या जागेत चाचा बसलेले दिसले. मशीन दुकानदाराचं होतं. दिवसभर फक्त साड्यांना फॉल आणि पिको करायचं काम. त्यांचे डोळे अधू झाले होते. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"बसा, ताई," म्हणाले आणि पायाजवळचं स्टूल पुढं सरकवलं. चाची बऱ्या आहेत, खोली लहान आहे, पण मशीद जवळ आहे, असं सांगत होते. गावाकडचं विचारलं तर म्हणाले, बापाच्या कबरीवर गवत लई वाढलंय असं कोणीतरी सांगत होतं. मग चाचाच म्हणाले, "तुमी लई केलं आमच्यासाठी. नोकरी बी घालवली. म्या समद्यास्नी सांगतो, ती ताई त्यांच्यातली न्हवं."

ते मला सहन झालं नाही. एवढे दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगितलं. तो प्रश्न मुद्दाम विचारला होता. तुम्ही मवाळ बोलत होतात म्हणून बातमी लागणार नव्हती, हे मला कळत होतं. तुमचं वाक्य कुठल्या मिनिटाला आहे ते मीच मुंबईला लिहून दिलं होतं, कडक आहे, नक्की वापरा असं.

चाचांचा पाय मशीनच्या पायट्यावर होता, तो थांबला. वर जिन्यावरून गिऱ्हाइकं येत-जात होती. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"हे सांगायला नको हुतं, ताई," ते म्हणाले.

"मला वाटलं, तुम्हाला खरं कळावं."

"खरं कळून मी काय करू?" आवाज त्यांनी चढवला नाही. "समदं गाव गेलं. एक मानूस मी आपला म्हनून धरलं हुतं, त्ये बी गेलं आता."

मी माफी मागितली. माझ्या मांडीवरची साडी त्यांनी घेतली, फॉलचा रंग जुळतो का ते उजेडात धरून पाहिलं आणि शिवायला लागले. काम सुरेख झालं होतं, एक टाका इकडचा तिकडे नव्हता. साडी घडी करून त्यांनी ती माझ्या हातात न देता स्टुलावर ठेवली आणि पुढच्या बाईला म्हणाले, "तुमचं काय हाय, दावा."

मी साडी उचलली आणि बाजारातल्या गर्दीतून चालत सुटले. गाडी कुठं लावलीय तेच मला बराच वेळ आठवत नव्हतं.